उतारा

शाळेत आम्ही ‘उतारा’ म्हणतो तो क्रमिक पुस्तकातला परिच्छेद. मुलांनी तो वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरे लिहायची. घरात मात्र या शब्दाला आणखी दोन अर्थ आहेत. विंचू चावला की त्यावर द्यायचा तो उतारा, आणि दृष्ट लागली की भाकरतुकडा ओवाळून तिठ्यावर टाकायचा तोही उताराच. पहिला दिल्यावर माणूस अंथरूण झटकतो, भिंतीतली फट लिंपतो. दुसरा टाकल्यावर मागे वळून न पाहता घरी येतो आणि सारे मिटले असे समजून झोपी जातो.

औषधाच्या दुकानातून गरोदर बाईसाठी आणलेली जीवनसत्त्वाची गोळी या दोहोंपैकी कोणता उतारा, असा प्रश्न मला अलीकडे पडू लागला आहे. सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण येणाऱ्या जिवाची वाट पाहणे यापरता घरातला मोठा सण कोणता?

मी भाईंदर पूर्वेला राहतो. मिठागरांच्या या गावात आज स्टीलची भांडी घडवणारे कारखाने आहेत आणि एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. एकाच खोलीत चूल, अंथरूण आणि मुलांचा अभ्यास. तिथे धुराला बाहेर जायला वाट कुठली? शेजारचा एक तरुण कारागीर आहे. मोठा कष्टाळू, बायकोवर जीव असलेला. तिला पाचवा महिना लागला तेव्हा तो मला म्हणाला, “सर, हिला मी महागातली गोळी आणतो. सगळं भरून निघतं त्यानं.” मी त्याच्या बोटांतल्या सिगारेटकडे पाहिले. तो हसून म्हणाला, “ही होय? ही मी दारात उभा राहून ओढतो.” दार उघडेच होते आणि वारा आतल्या बाजूला होता.

भरून निघते म्हणजे काय? विज्ञानाची गोष्ट आहे, पण स्वयंपाकघरातून समजण्यासारखी. सफरचंद कापून ठेवले की थोड्या वेळाने लालसर-काळे पडते. हवेतला प्राणवायू जगवतो तसा झिजवतोही. शरीरातही ही झीज अखंड चालू असते आणि शरीर ती आवरत असते. तंबाखूच्या धुराने झीज वाढते, आवरण्याचे बळ अपुरे पडते. डॉक्टर याला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. सफरचंदाच्या फोडीवर लिंबू पिळले तर ती काळी पडायला वेळ लागतो, कारण लिंबात ‘क’ जीवनसत्त्व असते. धूम्रपान करणाऱ्या माणसाला ते रोज ३५ मिलिग्रॅम जास्त लागते, असे अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००० साली ठरवले.

लिंबाची ही युक्ती गर्भातल्या बाळाच्या उपयोगी पडेल काय, हे अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये आधी माकडांवर पाहिले गेले आणि मग माणसांवर. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरोदरपणातही ज्यांना सिगारेट सुटत नव्हती अशा स्त्रियांपैकी काहींना रोज ५०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिले, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. जीवनसत्त्व मिळालेल्यांच्या बाळांची फुप्फुसे जन्मतः अधिक चांगली चालत होती. पहिल्या वर्षात छातीत घरघर झाली ती त्यांच्यातल्या शंभरात २१ बाळांना. दुसऱ्या गटात ४० बाळांना. हा फरक लहान नाही.

म्हणजे माझा शेजारी बरोबर? थोडे थांबावे लागेल. त्या प्रयोगात सिगारेट सोडण्याचा सल्लाही स्त्रियांना वेळोवेळी दिला जात होता. शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. त्याला तिथून उठवणे या गोळीच्या हाती नाही. आणि जीवनसत्त्व म्हटले की ते गुणकारीच, हेही खरे नव्हे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरचा प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ज्यांना बीटा-कॅरोटीन दिले, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. ब्रिटनमध्ये गरोदर स्त्रियांना ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत दिली, ती रक्तदाबाचा धोकादायक विकार टळावा म्हणून. २००६ साली कळले की तो विकार टळला नाही, उलट कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अशाच प्रयोगात आपल्या नागपूरच्या स्त्रियाही होत्या. २००९ साली तिथेही गोळ्यांनी तो विकार टळला नाही, असेच दिसले. म्हणून कोणती गोळी, किती, हे डॉक्टरलाच विचारावे.

आपल्याकडे सिगारेट ओढणाऱ्या बायका थोड्या, मग ही चिंता आपली नव्हे, असेही कोणी म्हणेल. त्याने मशेरीकडे पाहावे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळत बसायचे. आमच्या चाळीतल्या एका आजींना मी भीतभीत विचारले, तर त्या म्हणाल्या, “गुरुजी, येसन कसलं त्यात? दात घासती म्या.” प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या या संशोधकांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी केली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला हे १०५ ग्रॅम फार महाग पडतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. काही सज्जन म्हणतात, व्यसन सोडत नाही तिला गोळी देऊच नये. दिली तर तिला मोकळीक मिळेल. या बोलण्यात नीतीचा आव आहे, पण शिक्षा कोणाला होते ते पाहा. आईला धडा शिकवण्यासाठी बाळाची फुप्फुसे वेठीला धरणे हा न्याय नव्हे. जे अजून जन्मले नाही, ज्याला अजून नावही नाही, त्याचेही आपण देणे लागतो. आईच्या सद्‌वर्तनाचे बक्षीस म्हणून कोणी गोळी देत नाही. ती बाळाच्या हक्काची असते आणि ज्या बाळाला तिचा उपयोग आहे त्याला ती मिळालीच पाहिजे.

दुसरी चूक माझ्या शेजाऱ्याची. गोळी आणली की हिशेब मिटला, असे त्याला वाटते. ओरेगॉनच्या स्त्रिया स्वतः ओढत होत्या आणि स्वतःच गोळी घेत होत्या. इथे ओढतो नवरा आणि गोळी गिळते बायको! कर्ज एकाने काढायचे आणि हप्ते दुसऱ्याने भरायचे, असला हा व्यवहार. त्यात प्रेम नाही असे मी म्हणणार नाही. प्रेम आहे, म्हणून तर तो दिवसभर राबून महागाची गोळी आणतो. पण पैसे देऊन जे करता येते तेवढेच ते प्रेम करते. सवय मोडायची वेळ आली की दारात जाऊन उभे राहते.

आणि आजींना किंवा त्यांच्या सुनेला रागे भरून काय मिळणार? मशेरीने भूक मरते, दुखरे अंग विसरते, कामाच्या रगाड्यात घटकाभर बूड टेकायला निमित्त मिळते. ती सोड म्हणणाऱ्याने आधी तिला पोटभर जेवू घालावे आणि ती घटकाभर विश्रांती फुकट द्यावी.

आपल्या जुन्या चालीरीतींत मला एक शहाणपण दिसते. गर्भ एकीच्या पोटात वाढतो, पण डोहाळे पुरवायचे ते साऱ्या घराने. चिंच-आवळ्यापासून चांदण्यातल्या जेवणापर्यंत सारे हौसेने केले जाते. एकच डोहाळा बाई तोंडाने सांगत नाही, कारण नवऱ्याला तसे सांगण्याची आपल्याकडे रीत नाही. तिला स्वच्छ हवा हवी असते. तो न सांगता ओळखावा लागतो.

माझ्या शेजाऱ्याची गोळी मी बंद करायला सांगितली नाही. डॉक्टरला दाखवून घे आणि डॉक्टर म्हणाले तर चालू ठेव, एवढेच म्हणालो. पण तो अजून दारात उभा असतो. विंचवाचा उतारा दिल्यावर अंथरूण झटकावे लागते, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे होते, म्हणून हे लिहिले. या दिवाळीत ज्या घरी ओटीभरण आहे, त्या घरच्या पुरुषांनी ते वाचावे.