उपयोग संपतो, हक्क संपत नाही

घरातले मांजर एखाद्या वाहनाखाली सापडते किंवा गच्चीवरून खाली पडते. पशुवैद्य तपासून सांगतात की पाय वाचणार नाही, मात्र तो काढला तर जीव वाचेल. अशा वेळी कुटुंबात दोन प्रकारचे बोल हमखास ऐकू येतात. कोणी म्हणतो, "असे लंगडे जगण्यापेक्षा त्याला मारून टाकलेले बरे." कोणी म्हणतो, "मासळीबाजारात नेऊन सोडा, अल्लाह त्याची सोय करील." पहिल्या बोलण्यात दयेचा आव आहे, तर दुसऱ्यात तवक्कुलचा. वाचकहो, या दोन्ही बोलांच्या मुळाशी एकच प्रश्न दडलेला आहे. ज्या मुक्या जिवाला आपण घरात आसरा दिला, त्याचा आपल्यावरील हक्क त्याच्या धडधाकटपणावर अवलंबून असतो काय?

आपण प्राणी पाळतो ते बहुधा काही लाभासाठी. शेळी दुधासाठी, मांजर उंदरांसाठी. केवळ हौसेने पाळले तरी त्याच्या देखणेपणाचा आणि खेळकरपणाचा आनंद हाही एक लाभच असतो. पाय गेला की लाभ घटतो आणि खर्च वाढतो. व्यवहाराच्या तराजूत तोलले तर असा प्राणी घाट्याचाच ठरेल. परंतु ईमानधारकाचा तराजू वेगळा आहे. पवित्र कुरआनच्या सूरह अल्-अनआममध्ये स्पष्ट केले आहे की जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत आणि अखेरीस त्यांनाही त्यांच्या पालनकर्त्यापाशी एकत्र केले जाईल. याचा अर्थ असा की प्राण्याचे पहिले नाते त्याच्या निर्मात्याशी आहे, मालकाशी नव्हे. मालक हा केवळ अमानतदार आहे. अमानत म्हणून सोपवलेल्या वस्तूला तडा गेला, म्हणून ती उकिरड्यावर फेकण्याचा अधिकार कोणत्याही अमानतदाराला मिळत नाही.

इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे. इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू हि. ६६०, इ.स. १२६२) यांनी आपल्या 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात माणसावर असलेले जनावरांचे हक्क एकेक करून मोजले आहेत. त्यांत अगदी आरंभीच ते सांगतात की जनावराचा खर्च मालकाने उचलावा, मग ते कायमचे पंगू झाले असो वा असे आजारी पडले असो की त्याचा काहीच उपयोग उरला नाही. इमामसाहेबांनी पंगूपणाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, हे लक्षात घ्या. निरोगी जनावराला चारा घालण्यासाठी कोणाला उपदेशाची गरज नसते, कारण तेथे स्वार्थच पुरेसा असतो. हक्काची खरी कसोटी लागते ती उपयोग संपल्यानंतर.

येथे कोणी विचारील की ठळकपणे लंगडणारे जनावर कुर्बानीला चालत नाही, मग शरीयतनेच त्याला कमी लेखले असे नाही का? असे मुळीच नाही. ती अट देणाऱ्यावर घातलेली आहे. अल्लाहच्या मार्गात द्यायचे तर उत्तम ते द्यावे, नकोसे झालेले पुढे करू नये, हा तिचा हेतू होय. माणसाच्या कंजूषपणाला घातलेला तो लगाम आहे. लंगड्या जनावराचा चारापाणी मिळण्याचा हक्क त्यामुळे तसूभरही घटत नाही.

आता बाजारात सोडण्याविषयी. मांजराला कोंडून ठेवणाऱ्या त्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने त्याला खाऊही घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-जीव खाऊन जगण्यासाठी मोकळेही केले नाही, आणि यासाठीच ती शिक्षेस पात्र ठरली. यावरून काही लोक समजतात की मोकळे सोडले म्हणजे आपण सुटलो. परंतु मोकळे सोडण्याला अर्थ आहे तो स्वतःचे पोट भरू शकणाऱ्या प्राण्यासाठी. घरात वाढलेले आणि नुकताच पाय गमावलेले मांजर कुत्र्यांपासून कसे पळणार? भिंतीवर कसे चढणार? त्याला रस्त्यावर सोडणे म्हणजे मोठ्या कोठडीत उपाशी कोंडण्यासारखेच आहे. उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत जनावराला टाकून देणे हा आपल्या देशातील १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही गुन्हा आहे. तवक्कुल म्हणजे आपले कर्तव्य बजावून परिणाम अल्लाहवर सोपवणे. कर्तव्यच अल्लाहवर ढकलणे नव्हे.

राहिला मारून टाकण्याचा प्रश्न. आजार असाध्य असेल आणि वेदना कशानेच थांबत नसतील, तर तो प्रश्न निराळा आहे. तो पशुवैद्य आणि जाणकार आलिम यांच्यापुढे ठेवावा. पाय गमावणे ही मात्र तशी अवस्था नव्हे. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक मांजरे एक-दोन दिवसांत उभी राहू पाहतात आणि काही आठवड्यांत त्यांना नवी चाल साधते. मग खरे दुःख कोणाला होते? पुष्कळदा ते आपल्या नजरेला होते. आपल्याला ते अपूर्ण रूप पाहवत नाही आणि आपल्या त्या अस्वस्थतेला आपण दया असे नाव देतो.

हजरत आयशा (रजि.) यांचे भाचे आणि मदीनेचे थोर विद्वान हजरत उर्वा बिन जुबैर (रह.) यांचा पाय रोगामुळे कापावा लागला होता. चरित्रकार सांगतात की त्यांनी अल्लाहचे आभार मानले, ते अशासाठी की चार अवयवांपैकी एकच घेतला गेला आणि तीन शिल्लक राहिले. मांजराला शब्द नाहीत. तथापि उरलेल्या तीन पायांवर ते ज्या निमूटपणे चालू लागते, त्यात आपल्यासाठी बोध नाही काय?

ही अमानत सांभाळायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? टाके सुकेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, त्याला एका शांत खोलीत ठेवावे आणि जखम चाटू देऊ नये. दुखते म्हणून माणसांच्या गोळ्या कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. गुळगुळीत फरशीवर चटई किंवा सतरंजी अंथरावी. वाळूचे भांडे कमी उंचीच्या काठाचे असावे आणि खाण्यापिण्याची भांडी जवळ ठेवावीत. मांजराच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो. म्हणून पुढचा पाय गेला असेल तर उडी मारून उतरणे अधिक कठीण जाते, हे ध्यानात ठेवावे. त्याचे वजन वाढू देऊ नये, कारण आता सारा भार तीनच पायांना पेलायचा असतो. घरात दुसरे मांजर असेल तर दवाखान्याच्या वासामुळे ते फिसकारण्याची शक्यता असते. दोघांची गाठ हळूहळू घालून द्यावी.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. कीव आणि रहमत यांत अंतर आहे. कीव त्याला दिवसभर मांडीवर घेऊन बसते आणि चालूच देत नाही. रहमत खिडकीला जाळी लावते, त्याच्या आवडत्या जागेखाली एक पाट ठेवते आणि वर चढण्याचे काम त्याचे त्यालाच करू देते. मागचा पाय गमावलेले मांजर त्या बाजूचा कान खाजवू पाहते, तेव्हा उरलेला खुंट नुसताच हलतो. तेथे आपले बोट पुढे झाले पाहिजे. जे त्याला जमते ते त्याला करू द्यावे आणि जे जमत नाही तेवढेच आपण करावे. हजरत अबू कतादा (रजि.) वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरासाठी कलते करून धरीत, ते पिऊन होईपर्यंत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मांजरांना आपल्या घरात वावरणाऱ्यांत गणले आहे, ही हदीस त्यांनीच आपल्या सुनेला त्या प्रसंगी सांगितली. त्यांनी केले ते एवढेच, की भांडे थोडे कलते धरले.

माता-पित्यांनो, हे सारे घडत असताना घरातली मुले पाहत असतात. ज्याचा उपयोग उरला नाही त्याच्याशी आपले आई-वडील कसे वागतात, याची नोंद त्यांच्या मनात होत असते. आज अनेक घरांत मधुमेहामुळे पाय गमावलेले वडीलधारेही आहेत. उद्या आपणही थकणार आहोत, कोणाच्या तरी आधारावर जगणार आहोत. लंगड्या मांजराला बाजारात सोडून येणाऱ्या घरात मुले जो धडा शिकतात, तो केवळ मांजरापुरता राहत नाही. त्याचप्रमाणे त्याच्यासाठी चटई अंथरणाऱ्या घरात शिकलेला धडाही मांजरापुरता राहत नाही.

अल्लाह आपल्या हाती सोपवलेल्या प्रत्येक मुक्या जिवाची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.