पाच नावं, एक हात

हिमायतनगर म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या हद्दीचं जवळजवळ टोकच. इथल्या पोरांना इंग्रजीचा गटप्रकल्प मिळाला की आधी व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. कुणी तांड्यावर, कुणी इस्लापूरला, कुणी गावातच. विषय समजा सहस्रकुंडाचा: पैनगंगेवरचा धबधबा, अर्धा मराठवाड्याचा, अर्धा विदर्भाचा, पाहुण्याला इंग्रजीतून माहिती द्यायची. चार दिवस नुसते अंगठे आणि 'ओके सर'. मग एकजण रात्री बसून सगळं लिहितो आणि खाली पाचही नावं टाकतो. हल्ली तर त्या एकालाही एआय लिहून देतं.

आपलीच पोरं अशी, असं मात्र नाही. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. १९१३ साली ते छापून आलं. आठजण मिळून ओढायला लागले की एकेकाचा जोर निम्म्यावर यायचा. पुढं अमेरिकेत टाळ्या-आरोळ्यांवर असेच प्रयोग झाले. आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं की ही अंगचोरी थांबते, असं त्यात दिसलं.

इर्जिकीत, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं रान नांगरून देण्यात, प्रत्येकाचं काम आपोआप वेगळं दिसतं. दहा औतं एका रानात उतरली तरी कुणाचं तास वाकडं गेलं ते बांधावरून दिसतं. गूगल डॉक्समध्येही दिसतं. प्रत्येकानं आपल्या खात्यातून लिहिलं तर कुणी काय बदललं याची नोंद राहते. पण शेवटची पीडीएफ तेवढी मागितली की काहीच कळत नाही.

भाषेच्या विषयात एकानंच सगळं लिहिणं जास्त महागात पडतं. पैनगंगेआधी 'द' (the) लावायचा का, यावर दोघांचं अर्धा तास वाजलं, तेही मराठीत आणि तांड्यावरच्या गोरमाटी बोलीत, तर माझ्या मते तोच इंग्रजीचा खरा तास. मराठीत असलं काही नसतंच, त्यामुळं तो 'द' भांडल्याशिवाय अंगी लागत नाही. लिहिणारा निदान स्वतःशी तरी भांडतो. तांड्यावरच्या पोरीला रेंजच नसेल तर तिच्या वाट्याला तेवढंही येत नाही. तिला कामचुकार ठरवणं फार सोपं आहे.

म्हणून तोंडी परीक्षा घ्यावी आणि तीत लिहिणाऱ्याला सोडून द्यावं. परिच्छेद एकाचा, प्रश्न दुसऱ्याला: इथं 'द' का घातला? आणि ही अट पहिल्याच दिवशी सांगावी, गुण देताना नव्हे.