मातीत मुरलेले जुने पावसाळे

जुन्या मातीवरून जुने हवामान ओळखता येते, ही कल्पना जेमतेम दीडशे वर्षांची आहे. त्याआधी माती म्हणजे खडकाचा भुगा, एवढीच समजूत होती. रशियातील वासिली दोकुचायेव यांनी 1883 मध्ये तेथील काळ्या मातीवर लिहिताना मूळ खडकाइतकेच महत्त्व हवामान, वनस्पती, भूरूप आणि काळ यांना दिले. मग उलटा प्रश्नही विचारता येऊ लागला: ही माती घडली तेव्हा पाऊस किती पडत होता?

कोरड्या प्रदेशात पहिले उत्तर चुनखडीने दिले. भरपूर पावसात विरघळलेला चुना निचऱ्याबरोबर निघून जातो. कमी पावसात पाणी वाटेतच आटते आणि चुन्याचे खडे जमिनीत साठतात. पाऊस जितका जास्त, तितका हा थर खोल, हे हान्स जेनी यांनी 1930 च्या दशकात अमेरिकेच्या मैदानांत दाखवले. मात्र वरची माती धुपून गेली असेल, तर ही खोली फसवते.

दख्खनमध्ये आधी लक्ष गेले ते नद्यांकडे. गोट्यांचे थर ओल्या काळाचे, बारीक गाळाचे कोरड्या काळाचे, अशी सोपी वाटणी बराच काळ चालली. 1987 मध्ये विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी ‘नेचर’मधील लेखात नद्यांचे वागणे मॉन्सूनशी जोडले: मॉन्सून क्षीण असताना दख्खनच्या नद्यांनी गाळ साठवला, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मॉन्सून बळावल्यावर त्याच गाळात पात्रे खोल कापली.

दख्खनच्या काळ्या मातीचे कोडे याहून अवघड होते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेत डी. के. पाल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की या मातीला फुगवणारी, उन्हाळ्यात भेगा पाडणारी स्मेक्टाइट चिकणमाती आजच्या तुटपुंज्या पावसात इतक्या प्रमाणात तयार होऊ शकत नाही. ती आधीच्या दमट काळातली. चुनखडी मात्र नंतरच्या कोरड्या काळातली, आणि ती वाढली की सोडियमचा जोर वाढून जमीन चोपण होते. म्हणजे एकाच शेतात दोन हवामाने एकावर एक बसलेली आहेत. नुसती चुनखडी वाचणाऱ्याला यातले अर्धेच कळते. या साऱ्या वाटचालीतला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष म्हणावा लागेल.

पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेकाठच्या पर्जन्यछायेतील मांजरीत 1997 पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. अशा चुनखडीच्या जमिनीत वेलीला लोह नीट मिळत नाही, पाने पिवळी पडतात. हजारो वर्षांपूर्वीचा कोरडेपणा असा आजच्या बागेत उतरतो. मांजरीत आता शेतांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. पायासाठी खणलेल्या खड्ड्यांत काळी माती, चुनखडी आणि मुरूम यांचे जे थर उघडे पडतात, त्यांची मोजमापांसह नोंद काँक्रीट ओतण्याआधीच व्हायला हवी.