अडलेल्याचं वावर

जमिनीत पहिल्यांदा पैसा घालणाऱ्याला सगळे एकच मंत्र देतात: नफा विकताना नाही, घेताना होतो. म्हणजे स्वस्तात घ्या. पण जमीन स्वस्त का मिळते, हे कुणी उलगडून सांगत नाही. बहुतेकदा विकणारा अडलेला असतो, नाहीतर घेणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट त्याला ठाऊक नसते. पुण्यात फ्लॅट घेताना हा विकणारा एजंटाच्या आड राहतो. देऊळघाटात तो सकाळी डेअरीवर भेटतो.

पैनगंगेकाठच्या या गावात मी एक मामा आणि एक भाची बसवले आहेत. दोघंही कल्पित, आणि वावराचा भावही माझ्या मनचा. कायदे आणि वर्षं तेवढी खरी. मामा तलाठी म्हणून निवृत्त झालेले. भाची बुलढाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. बचत आणि नवऱ्याच्या फंडातली उचल मिळून तिच्याकडे तेरा लाख आहेत.

"मामा, दोन एकर वावर आहे. बाजारात अठरा लाखांचं. शेतकरी तेराला देतोय."

"का देतोय?"

"बायकोचं ऑपरेशन आहे संभाजीनगरला. घरात पैसा नाही. सोयाबीनचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे."

माहीत नसायला काय झालं? 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली गेला. पण मामा आधी कागदाकडे वळले. तलाठ्याचा पिंड, सुखदुःख नंतर, सातबारा आधी.

"वर्ग एक की दोन?"

"एक. भूदानाचा शेरा नाही, वतनाचा नाही. बोजा सोसायटीचा आहे, तो खरेदीच्या दिवशी फेडायचा. फेरफार तीस वर्षं मागे जाऊन पाहिले."

"मोजणी?"

"मागवते. धुऱ्याचा वाद नाही म्हणतात."

"म्हणतात सगळेच. आणि तू शेतकरी आहेस का?"

"म्हणजे काय मामा, बाबांचं वावर आहे ना!"

"बाबांचं आहे. तुझं नाव सातबाऱ्यावर आहे का, ते विचारतोय. विदर्भाला 1958 चा कूळ कायदा. शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. भावानं हक्कसोडपत्राचे कागद करून ठेवलेत ना?"

"दिवाळीत सही करायची आहे."

"भावावर माया करायची तर कर. पण लेकी राखी बांधतात तशी हक्कसोडवर सही करतात, आणि पुढं कधी स्वतः वावर घ्यायला गेल्या की कळतं, आपण शेतकरीच उरलो नाही. सासरी शेती नसेल तर संपलंच."

हा मुद्दा मामांनी थोडक्यात सोडला. तो स्वतंत्र लेखाचा आहे. भाचीनं आधी शहराच्या कडेला दोन गुंठ्यांचा प्लॉटही पाहिला होता. एजंट नुसत्या स्टॅम्पवर नोटरी करून द्यायला तयार होता. ते प्रकरण मामांनी तिथंच मोडलं. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ही किमान मर्यादा ठरली. जुने तुकडे नियमित करायला सरकार अधूनमधून दार उघडतं म्हणून नवा तुकडा घ्यायचा नसतो. लेआउट पाचशे चौरस मीटरहून मोठं आणि आठहून जास्त प्लॉटांचं असेल, तर महारेराचा नंबर मागायचा. नंबर नसेल तर चहा पिऊन परत यायचं.

तर कागद स्वच्छ होते. खरा प्रश्न कागदाखाली होता.

"मामा, एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच्या वावराला लागून लेआउट पडतंय. नकाशा आमच्याच ऑफिसात झाला. दोन वर्षांत त्याच्या वावराचा भाव दुप्पट होईल."

"त्याला ठाऊक आहे?"

"खुंट्या रोवलेल्या त्यानंही पाहिल्यात. पण त्याला वाटतं शेतीचीच मोजणी चाललीय."

"मग सांग त्याला."

"कसं सांगू? मालकाचा नकाशा आहे. बाहेर बोलायचं नाही, ही नोकरीची अट."

"वा! गुपित फोडायचं नाही, पण गुपितावर वावर घ्यायचं. गुपित फक्त त्याच्यापुरतं!"

भाची इथं गप्प बसणारी नव्हती. स्पर्धा परीक्षेच्या नीतिशास्त्राच्या पेपरासाठी तिनं एक जुनं कोडं वाचलं होतं. रोमन विचारवंत सिसेरोनं ते इ. स. पू. 44 मध्ये लिहून ठेवलं. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक प्रामाणिक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन तिथं पोचतो. वाटेत त्यानं आणखी गलबतं त्याच दिशेनं येताना पाहिलीत. लोकांना हे सांगायचं, की गप्प राहून चढ्या भावानं विकायचं? अँटिपेटर हा तत्त्वज्ञ म्हणतो, सांग, कारण माणसांचं हित एकच असतं. दुसरा तत्त्वज्ञ डायोजिनीस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. माल खोटा नसला की पुरे.

"डायोजिनीस तुमच्या सबरजिस्ट्रार ऑफिसासारखा बोलतो, मामा. दस्त बरोबर, मुद्रांक भरला, संमती आहे. झालं."

"आणि तू कुणासारखी?"

"मी अजून ठरवतेय. पण एक सांगा, मी नाही घेतलं तर तो लेआउटवालाच घेईल, अकराला. मग माझ्या चांगुलपणाचा त्याला काय उपयोग?"

हा युक्तिवाद तकलादू वाटतो, पण तो तसा नाही. आपण न केल्यानं वाईट टळत नसेल, तर हात स्वच्छ ठेवणं ही फक्त स्वतःची सोय ठरते. मामांनाही उत्तर चटकन सुचलं नाही. त्यांनी जुनी गोष्ट काढली. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. 1879 मध्ये डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या वह्यांतले व्यवहारही कागदोपत्री संमतीनंच झालेले होते.

मला इथं दुसरंच आठवतं. त्याच 1879 मध्ये अमेरिकेत हेन्री जॉर्जचं पुस्तक आलं. जमिनीचा वाढलेला भाव मालकाच्या घामाचा नसतो, भोवतालच्या समाजानं तो घडवलेला असतो, हा त्याचा मुद्दा. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून गेला. रस्त्याकडेच्या वावरांचे भाव चढले, त्यात शेतकऱ्यानं नांगर जास्त खोल घातला नव्हता आणि शहरातल्या खरेदीदारानंही काही केलं नव्हतं. खामगाव–जालना रेल्वेची बातमी तर दर पिढीला नव्यानं येते आणि दर वेळी कुणीतरी तिच्या जोरावर वावर विकतं किंवा घेतं. जॉर्जचं गणित पटलं तरी भाचीचा प्रश्न सुटत नाही. कुणाचीच नसलेली ती वाढ शेवटी कुणाच्या तरी खिशात जाणारच.

"दुसरा मार्ग पाहिला का?" मामा म्हणाले. "त्याला उसने दे."

"आणि हमी म्हणून खरेदीखत लिहून घेऊ? गावात तसंच करतात."

"तसंच करतात, आणि तसेच अडकतात. 2014 चा सावकारी कायदा वाच. विनापरवाना व्याज आणि त्यापोटी जमीन, असं सिद्ध झालं तर जिल्हा निबंधक खरेदी रद्द करून वावर परत देऊ शकतो. पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार उकरता येतात. विश्वासाची खरेदी म्हणे! उसने द्यायचे तर बिनव्याजी, बिनकागदाचे. देशील?"

"तेरा लाख? नाही."

"बरं झालं खरं बोललीस."

"आणि मामा, तुमचं नदीकडचं वावर कुणाचं होतं?"

मामांनी पान जुळवायला घेतलं. "एका विधवेचं. भाव त्या दिवशीचा पूर्ण दिला."

"ती अडलेली होती, हे गावात सगळ्यांत आधी कुणाला कळलं? तलाठ्यालाच ना?"

"हो. आज तिचा पोरगा तेच वावर माझ्याकडून ठोक्यानं करतो."

"ठोका किती?"

"चालू आहे तोच."

मामांना यापुढं उपदेशाची जागा राहिली नाही, आणि माझ्या मते त्यामुळंच पुढचं बोलणं कामाचं झालं.

"समजा मी सांगितलं," भाची म्हणाली. "नकाशा नाही, नुसतं एवढंच की त्या खुंट्या लेआउटच्या दिसतात, चौकशी कर, थांबलास तर भाव वाढेल. पण तो थांबेल कसा? ऑपरेशन पंधरा दिवसांवर आहे. माहिती देऊन मी मोकळी होईन. त्याला थांबायची ऐपत कुठून देऊ?"

"म्हणजे तुझे पाच लाख कशाचे?"

"त्याच्या घाईचे. मला थांबता येतं, त्याला येत नाही."

"किती लागतात त्याला?"

"दवाखान्याचे सहा. सोसायटीचे दीड."

"साडेसात. मग दोन एकर का विकतोय?"

"अर्धं कुणी घेत नाही म्हणून."

"तू घे. एक एकर, बाजारभावानं. नऊ लाख. चाळीस गुंठे होतात, तुकडेबंदी आडवी येत नाही. दवाखाना झाला, बोजा उतरला, वर दीड लाख हातात. उरलेला एकर त्याचा. भाव वाढला तर दोघांचा वाढेल."

भाचीनं हिशेब केला. तिचे चार लाख शिल्लक राहत होते. घेतानाचा नफा शून्य. शेअर बाजारात रीटचं, म्हणजे भाडं कमावणाऱ्या इमारतींमधल्या वाट्याचं, एक युनिटही घेता येतं, 2021 पासून; तिथं समोर कुणाचं ऑपरेशन नसतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. ती ते बोललीही.

"घे की तेही. चार लाख उरलेत ना!"

"पण मामा, नऊ लाख भरून मला जे मिळणार ते त्यालाही फुकट मिळणार. नकाशा ठाऊक असून मी बाजारभाव द्यायचा?"

"ठाऊक असल्याचा फायदा तुला होतोच आहे. दुसरा कुणी आज नऊ देणार नाही, तू देतेस, कारण तुला पुढचं दिसतं. फक्त त्याचं नुकसान करून होत नाही."

"ठीक आहे. मग हिस्से कसे पाडायचे? वावर लांबट आहे. एक एकर रस्त्याला, एक नाल्याकडं."

मामा थांबले. "आडवं तोडू नको. उभं तोड. दोघांनाही रस्ता."

"उभं तोडलं तर दोन्ही पट्ट्या अरुंद होतात. पुढं लेआउटला कुणी विचारणार नाही, दोघांचाही भाव पडेल. आडवंच तोडावं लागेल, मी नकाशे काढते, मला कळतं. प्रश्न एवढाच की रस्त्याकडचा एकर कुणाचा."

"पैसे कोण देतंय?"

"मी. पण वावर कुणाचं आहे?"

"मोजणीच्या दिवशी त्यालाच विचार," मामा म्हणाले. "खुंट्यांचं सांगून झाल्यावर."

"आणि त्यानं रस्त्याकडचा मागितला तर नाल्याकडच्याला नऊ द्यायचे?"

"नाही. मग नाल्याकडचा भाव वेगळा. तिथं पुन्हा बसू."