व्यासंगाची किंमत

अ. का. प्रियोळकरांचे नाव मराठी विद्याक्षेत्रात दोन प्रकारे घेतले जाते : पाठचिकित्सेची शिस्त मराठीत रुजविणारे संपादक म्हणून आणि मुंबई महानगरपालिकेतील नोकरी सांभाळून संशोधन करणारे निरपेक्ष व्यासंगी म्हणून. दुसऱ्या उल्लेखात आदर असतो खरा. पण त्याचा उपयोग बहुधा पुढच्या पिढीला गप्प करण्यासाठीच होतो. कचेरी करून रघुनाथपंडिताच्या ‘दमयंती-स्वयंवरा’ची चिकित्सक आवृत्ती (१९३५) सिद्ध होते, तर आजच्या संशोधकाला स्थैर्य कशाला हवे, असा त्यातला ध्वनी.

हा युक्तिवाद प्रियोळकरांचे चरित्र अर्धेच वाचतो. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९४८ साली मराठी संशोधन मंडळ स्थापन केले आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. मुक्तेश्वराच्या आदिपर्वाचे खंड, १९५३ पासूनची ‘मराठी संशोधन पत्रिका’, भारतीय मुद्रणाच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ (१९५८) हे सारे त्यानंतरचे. त्याग आधीही होताच. मंडळाने त्याला वेळ दिला, आणि शेजारी बसून कोणी शिकू शकेल अशी जागाही.

पाठचिकित्सा व्याख्यानातून येत नाही. एका ओवीचे निरनिराळ्या पोथ्यांतील पाठ समोर मांडल्यावर लेखनिकाचा हस्तदोष कोणता आणि त्याने जाणूनबुजून केलेली ‘सुधारणा’ कोणती, हा निर्णय कसा होतो ते तो होताना पाहूनच कळते. शिष्यवृत्तीच्या चारपाच वर्षांत हे शिक्षण फक्त सुरू होते. मुरण्याची पुढची वर्षे महाराष्ट्रात अनेकांना तासिका तत्त्वावर शिकवीत काढावी लागतात. तेथे वर्गातल्या तासाचे मानधन मिळते. पोथीसमोरचा तास कोणत्याच देयकात बसत नाही. संशोधकाकडून सचोटी मागायची आणि तिला लागणारा वेळ मात्र त्याने घरच्या पोटाला चिमटा काढून आणायचा, ही मागणी न्याय्य कशी ठरते?

कायम नेमणूक झाली की संशोधन फुलतेच, असेही नाही. कायम होताच वाचन थांबलेले प्राध्यापक सर्वांच्या परिचयाचे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली आणलेल्या गुणांकनामागे तीच चिंता होती. त्यात २०१८ साली बदल झाले, तरी गुण मिळतात ते छापलेल्या लेखाला. न छापण्याच्या निर्णयाला नव्हे. आणखी एक पोथी हाती येईपर्यंत संहिता रोखून धरणे ही पाठचिकित्सकाची नीती. व्यवस्थेच्या हिशेबात ती निष्क्रियता ठरते.

जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट वा सेट पुरेशी झाली, पीएच.डी. ऐच्छिक ठरली. घाईने लिहिलेले प्रबंध त्यामुळे कमी झाले तर बरेच. मात्र प्रबंधाशिवाय नोकरीत आलेल्या तरुणाने पोथी वाचायला कोणाशेजारी बसावे, याची तरतूद त्या नियमात नाही.