‘गावठी’चे मोल

वाचकहो, ‘गावठी’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. बाजारात गावठी अंड्याला आपण आनंदाने अधिक दाम मोजतो. परंतु माणसाला ‘गावठी’ म्हटले, की तो त्याचा उपमर्द ठरतो. वस्तूचा मान व्हावा आणि ती आपल्या हाती देणाऱ्याचा अवमान, हे न्याय्य आहे काय?

त्या अंड्यामागे एक विद्या आहे. खुडूक झालेली कोणती कोंबडी अंड्यांवर नेटाने बसेल, हे खेड्यातील गृहिणी अनुभवाने ताडते. टोपलीत राख व पेंढा पसरून ती अंडी मांडते. काही दिवसांनी एकेक अंडे उजेडासमोर धरून ज्यात जीव धरलेला नाही ते बाजूला काढते. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात. पांढरे पिलू घारीच्या नजरेस चटकन पडते, म्हणून करड्या, ठिपकेदार कोंबड्या ती पसंत करते. अधिक अंड्यांसाठी निवडून वाढविलेल्या व्हाइट लेगहॉर्न जातीत खुडूक बसण्याचा गुण जवळजवळ लोपला आहे. तिची पिले यंत्रातच उबवावी लागतात. गुरांचेही तसेच. अकोले-इगतपुरीकडील डांगी गुरे धुवाधार पावसातही काम करतात, कारण तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या तशीच गुरे राखली.

तथापि, जुने ते सारेच सोने नव्हे. राणीखेत रोगाची साथ आली, की घरगुती उपाय थिटे पडतात. तिला अडविण्यास आधी टोचलेली लसच हवी. तेव्हा वाद जुन्या-नव्याचा नाही. प्रश्न असा, की चूक झाल्यास तोटा कोणी सोसावयाचा? गृहिणीचा अंदाज चुकला, तर तिच्या मीठ-मिरचीचे पैसे जातात. शहरातून आलेल्या सल्लागाराचा सल्ला चुकला, तरीही तिचेच जातात. ज्याची चूक दुसऱ्याला भोवते, त्याने बोलण्यापूर्वी ऐकून घेणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. ते ऋण आहे.

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने पारंपरिक ज्ञान जपणाऱ्यांना लाभाचा न्याय्य वाटा मिळावा, हे तत्त्व मान्य केले. परंतु आदर कायद्याने देता येत नाही. वाचकहो, आपण शिक्षक असा, सेवाभावी कार्यकर्ते असा अथवा केवळ ग्राहक, त्या अंगणात सांगावयास जाण्याआधी एकदा विचारावयास जा. अंड्याचे दाम आपण देतोच. विद्येचे देणे मात्र अद्याप बाकी आहे.