विघ्नाचे स्थान

मनुष्याच्या इच्छेला साधनांची मर्यादा पडते, ही केवळ दुर्दैवाची गोष्ट मानावी की त्या मर्यादेच्या अंगी काही घडवण्याचे सामर्थ्य आहे, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतनाला नवा नाही. ईशोपनिषदाने आरंभीच त्याग आणि भोग यांची सांगड घातली. गीतेच्या सहाव्या अध्यायाने आहारविहाराच्या युक्ततेवर योगाची भिस्त ठेवली. जैन आचार्यांनी मुनींसाठी अपरिग्रहाचे महाव्रत सांगितले, तरी गृहस्थासाठी परिग्रहाला परिमाण घालून घेण्याचे अणुव्रत पुरेसे मानले. या सर्व उपदेशांत मर्यादा येते ती प्रामुख्याने इच्छेला आवर घालणारी शक्ती म्हणून. मला येथे मांडावयाचे आहे ते थोडे निराळे आहे: मर्यादा इच्छेला आवरते एवढेच नव्हे, तर ती इच्छेला स्वतःचे स्वरूप ओळखण्यास भाग पाडते, आणि अडथळा नाहीसा करण्यापेक्षा त्याला योग्य स्थान नेमून देणे, हीच विवेकाची खरी कसोटी होय.

या विचाराला जुन्नर तालुक्यातील ओझर येथे जुना आधार आहे. कुकडीच्या काठी वसलेल्या या गावी अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे देवस्थान आहे. १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर चिमाजीअप्पांनी त्याचे शिखर सोन्याने मढवले, अशी परंपरा सांगते. स्थानाची कथा अशी की, अभिनंदन राजाच्या यज्ञाने भयभीत झालेल्या इंद्राने त्या यज्ञाचा विध्वंस करण्याकरिता विघ्नासुराची योजना केली. परंतु तो असुर एका यज्ञावर न थांबता सारीच सत्कर्मे उधळू लागला, तेव्हा त्रस्त झालेले ऋषी गणपतीकडे धावले आणि अखेर पराभूत असुरही त्याच गणपतीला शरण आला. गणपतीने त्याचा निःपात केला नाही. जेथे माझे पूजन चालू असेल तेथे तू जाऊ नयेस, एवढी अट त्याने घातली आणि शरणागताच्या विनंतीवरून त्याचे नाव आपल्या नावाशी जोडून तो तेथेच राहिला. असुर जिवंत राहिला, पण त्याच्या संचाराला हद्द पडली. या कथेतील देव हा अडथळ्यांचा संहार करणारा योद्धा नसून त्यांचा बंदोबस्त लावणारा अधिपती आहे, आणि ही कल्पना मला वधाच्या कल्पनेहून अधिक प्रगल्भ वाटते.

तिची सत्यता मला ज्या प्रसंगी विशेष जाणवली, तो प्रसंग वरवर पाहता अगदी ऐहिक आहे. ओझरमधील आमच्या आप्तांच्या घरचा, नुकताच बारावी झालेला मुलगा घरीच संगणक जुळवण्याच्या खटपटीत होता. हेतू उघड होता: खेळ खेळावयाचे, पुढे अभियांत्रिकीच्या अभ्यासालाही ते यंत्र उपयोगी पडेल, हा दुसरा हेतू त्याने वडिलांपुढे मांडला होता, आणि तोही खोटा नव्हता. टोमॅटोच्या हंगामातून वडिलांनी पंचावन्न हजारांची तरतूद केली होती, आणि त्यापलीकडे एक रुपयाही मिळणार नाही हे स्पष्ट सांगितले होते. वहीच्या आडव्या पानावर त्याने प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट अशी सात नावे लिहून प्रत्येकापुढे तीन-तीन किमती टिपल्या होत्या, आणि पुष्कळ खाडाखोड करून झाल्यावर त्याने मला विचारले, "मामा, सगळंच थोडं थोडं भारी घेतलं तर?"

या प्रश्नात एक निरागस न्यायबुद्धी आहे: कोणत्याही अवयवावर अन्याय होऊ नये, सर्वांना सारखा वाटा मिळावा. परंतु यंत्राचा धर्म तसा नाही. येडगावच्या धरणातून सुटलेले पाणी कालव्यात कितीही असो, शेवटच्या शेताला ते तेवढेच मिळते, जेवढे वाटेतील सर्वांत अरुंद चारीतून वाहते. तसेच या यंत्राचेही आहे. खेळाचे चित्र पडद्यावर सेकंदाला ६० वेळा बदलावयाचे असेल, तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि १४४ वेळा बदलावयाचे असेल तर जेमतेम ७. तेवढ्या अवधीत प्रोसेसरने खेळाच्या जगातील हालचालींचा हिशेब करून ग्राफिक्स कार्डाला हुकूम द्यावयाचा असतो, आणि कार्डाने पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ठरवावयाचा असतो. १९२० गुणिले १०८० अशा पडद्यावर हे बिंदू वीस लाखांहून अधिक भरतात; ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ते बरोबर चौपट होतात. त्यामुळे पडदा मोठ्या मानाचा घेतला की बहुतेक भार कार्डावर पडतो आणि प्रोसेसर वाट पाहत बसतो. पडदा साधा ठेवून चित्रांची गती वाढवावयास जावे, तर कार्ड मोकळे राहते आणि प्रोसेसर दमतो.

याचा अर्थ असा की, अडथळा कोठे ना कोठे असणारच. या व्यवहारातील मंडळी त्याला बॉटलनेक म्हणतात आणि तो काढून टाकण्याच्या गोष्टी करतात. वस्तुतः तो निघत नाही, सरकतो. अमर्याद धन ओतून घेतलेल्या यंत्रातही एक अवयव इतरांच्या मागे राहतोच. तेव्हा निवड करणाऱ्यापुढे प्रश्न असतो तो अडथळा असावा की नसावा हा नव्हे, तर तो कोठे असावा हा. सगळे थोडे थोडे भारी घेणारा मनुष्य हा निर्णय टाळतो. त्याच्या यंत्रातील अडथळा मग दैवयोगाने कोठेतरी जाऊन बसतो.

स्थान नेमावयाचे म्हटले की त्याला काही नियम लागतात, आणि वहीचे ते पान पुढे ठेवून विचार करताना दोन नियम मला स्पष्ट दिसले. पहिला असा की, जेथे अडथळा हानी करील तेथे त्याला थारा देऊ नये. आमच्या भागात दाब कमीजास्त होणारी वीज ही नित्याची गोष्ट आहे, आणि यंत्राला वीज पुरवणारा एसएमपीएस हा अवयव खेळाची गती तसूभरही वाढवीत नसल्याने काटकसरीचा हात प्रथम त्याच्यावरच पडतो; परंतु हलक्या दर्जाचा एसएमपीएस बिघडताना शेजारच्या महाग अवयवांनाही सोबत नेऊ शकतो. ज्याचे काम डोळ्यांना दिसत नाही, पण ज्याच्यावर इतर सर्वांचे क्षेम अवलंबून आहे, त्याच्या वाट्यातून कपात करणे ही काटकसर नव्हे. उलट काचेची बाजू आणि रंगीत दिवे मिरवणारे कॅबिनेट न घेता साधे, हवेशीर कॅबिनेट घेतले, तर कोणाचेच काही बिघडत नाही.

दुसरा नियम असा की, अडथळा ठेवावयाचाच, तर तो उद्या हलवता येईल अशा जागी ठेवावा. साठवणूक आज कमी घेतली तर पुढल्या वर्षी आणखी एक एसएसडी जोडता येतो; पण मदरबोर्ड चुकला तर सारा संसारच उसवावा लागतो. एएमडी कंपनीच्या एएम४ या सॉकेटचे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचे, उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे: २०१७ साली रायझेन प्रोसेसर आले तेव्हा ज्यांनी त्या जातीचा बोर्ड घेतला, त्यांच्यापैकी अनेकांना बायॉस ही बोर्डावरची मूळ आज्ञावली अद्ययावत करून २०२२ सालचा रायझेन ५ ५६०० हा सहा कोरांचा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवता आला. रॅमच्या बाबतीत हाच विवेक निराळ्या रूपाने येतो. आठ जीबीची एक पट्टी आज आणि एक पुढे, असा विचार मुलाच्या मनात होता. परंतु दोन पट्ट्या जोडीने बसवल्या की स्मृतीकडे जाणारे दोन मार्ग एकाच वेळी चालतात, आणि डीडीआर४-३२०० जातीच्या एका मार्गाने सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी वाहत असेल तर दोहोंनी त्याच्या दुप्पट वाहू शकते. त्याने दोन पट्ट्यांपुढे खूण केली, कॅबिनेटची रक्कम निम्म्यावर आणली, पडदा साधाच ठेवण्याचे कबूल केले आणि एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक ग्राफिक्स कार्डाकडे वळवले. त्या पानावरची खाडाखोड म्हणजे आपल्याला नेमके काय हवे आहे याची त्याने स्वतःशी केलेली रुजुवातच होती.

हा विचार एका मुलाच्या खेळण्यापुरता आहे, असे कोणी म्हणेल, तर त्याने ओझरहून नारायणगावमार्गे खोडदला जावे. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी आहे, ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या याच जातीच्या विवेकाचे फळ आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर त्यांनी १९६५ मध्ये कल्याण येथे पहिली रेडिओ दुर्बीण उभारली, ती ऑस्ट्रेलियातून देणगी म्हणून मिळालेल्या, तेथे वापरून झालेल्या ३२ लहान तबकड्यांची. खोडदच्या वेळी प्रश्न असा होता की, एवढ्या मोठ्या तबकड्यांवर येणारा वाऱ्याचा भार पेलण्यासाठी लागणारे पोलाद देशाला परवडावे कसे. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी तारांच्या दोरखंडांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरली. वारा तिच्यातून निघून जातो, पण जाळीच्या छिद्रांहून कितीतरी लांब असलेल्या रेडिओ लहरी तिच्यावरून परावर्तित होतात. याची किंमत अशी की फार आखूड लहरी या दुर्बिणीच्या आटोक्याबाहेर राहिल्या. ती उणीव त्यांनी समजून उमजून पत्करली, कारण मीटरच्या मानातील लांब लहरींच्या प्रदेशात करण्यासारखे काम विपुल होते आणि जगात तेथे स्पर्धा कमी होती. अडथळा त्यांनी अशा दिशेला बसवला, जिकडे त्यांना जावयाचेच नव्हते. पुढे याच दुर्बिणीचे नूतनीकरण झाले, तेव्हा तबकड्यांकडून येणाऱ्या संकेतांची गणिते करण्यासाठी ग्राफिक्स प्रोसेसरांची योजना झाली. खेळातील चित्रे रंगवण्याकरिता वाढीला लागलेली ही विद्या आज खोडदच्या माळावर आकाशाचा हिशेब करीत आहे.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. मर्यादेचे असे गुणगान करणे म्हणजे अभावाला शोभा आणणे नव्हे काय? शेतमालाचा भाव कोसळल्याने ज्या घरात संगणकाचा विचारच उद्भवत नाही, त्या घराला विवेकाचा हा उपदेश काय कामाचा? या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणून दोन मर्यादांत भेद केला पाहिजे. एक मर्यादा वस्तूच्या स्वभावात असते: वेळ, उष्णता, वहनशक्ती, मनुष्याचे आयुष्य. ती कोणालाही चुकत नाही, आणि तिच्याशी समंजस करार करणे हाच शहाणपणा. दुसरी मर्यादा मनुष्यांनी मनुष्यांवर लादलेली असते: बेभरवशाची वीज, हमी नसलेला बाजारभाव, शिक्षणाच्या साधनांची विषम वाटणी. तिला दैव मानून नमस्कार करणे हा अधर्म आहे. ती हटवण्यासाठी झगडलेच पाहिजे. परंतु ही दुसरी मर्यादा उद्या सर्वस्वी दूर झाली, तरी पहिली उरणारच आहे, आणि ज्याने आपल्या हाती आलेल्या थोडक्या साधनांतही स्वतः निवड करण्याचा अभ्यास केला नाही, त्याला विपुलतेतही निवड करता येत नाही. तो केवळ अधिक किमतीच्या वस्तू घेत राहतो.

खेळासाठी एवढा विचार कशाला, हाही प्रश्न मला योग्य वाटत नाही. बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांनी ईश्वराच्या सृष्टिरचनेला प्रयोजन शोधताना लीलेचाच दृष्टान्त घेतला. क्रीडेला हलके मानण्याची आपली तात्त्विक परंपरा नाही. ज्या गोष्टीत मुलाचे मन खरोखर गुंतले आहे, तिच्याच निमित्ताने त्याला आपल्या इच्छांचा ताळेबंद मांडता येतो. कर्तव्याच्या विषयात तो वडीलधाऱ्यांचे शब्द पुन्हा उच्चारील, पण येथे त्याला उत्तर स्वतः शोधावे लागते. आणि निवड चुकली तर तिचे फळ दररोज संध्याकाळी त्याच्याच डोळ्यांपुढे येते.

म्हणून कार्यारंभी गणपतीचे स्मरण करताना सर्व अडथळे नष्ट व्हावेत असे मागणे मला अपुरे वाटते. असे मागणे मान्य झाले, तर निवडीची गरजच संपेल, आणि निवडीची गरज संपलेल्या मनुष्याला आपले श्रेयस काय हे कधीच कळणार नाही. मागावयाचे ते असे की, कोणता अडथळा सोसण्याजोगा, कोणता उद्यावर टाकण्याजोगा आणि कोणता क्षणभरही घरात येऊ न देण्याजोगा, हे ओळखण्याची बुद्धी मिळावी. शेत, शिक्षण, संसार आणि राज्यकारभार यांतील निर्णय पंचावन्न हजारांच्या यंत्राहून कितीतरी मोठे असतात. परंतु त्यांची जात हीच आहे, आणि वहीच्या एका पानावर ज्याने हा निर्णय प्रामाणिकपणे केला, तो त्या मोठ्या निर्णयांपुढे अगदीच अनभ्यस्त म्हणून उभा राहणार नाही.